लघवीची नळी काढायची कधी?

पक्षाघाताच्या रुग्णाभोवती तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारले जाणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात. हात हलतो का? बोलणे कधी येईल? चालता येईल ना? गिळता येते की नाकातली नळी राहू द्यायची? प्रत्येक प्रश्नाला वॉर्डात एक वाली असतो. हातापायाला फिजिओथेरपिस्ट, बोलण्या-गिळण्याला स्पीच थेरपिस्ट, रक्तदाबाला फिजिशियन. लघवीबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही, कारण तो प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. पलंगाच्या कडेला पिशवी लटकते आहे, तिच्यात लघवी जमते आहे, चादर कोरडी आहे. आणखी काय हवे?

तो प्रश्न सुटलेला नसतो, पुढे ढकललेला असतो, असे माझे म्हणणे आहे. नळी आत जाते त्याच वेळी ती बाहेर कधी येणार हे कागदावर लिहिले गेले पाहिजे, आणि ती तारीख उलटल्यावर नळी ठेवायची असेल तर ठेवणाऱ्याने रोज कारण दिले पाहिजे. आज नेमके उलटे चालते. नळी काढायची म्हटली की कोणीतरी निर्णय घ्यावा लागतो. ठेवायची असेल तर काहीच करावे लागत नाही.

नळी घालण्याला माझा सरसकट विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. पहिल्या काही तासांत रुग्ण अर्धवट शुद्धीत असतो, स्कॅनसाठी धावपळ चालू असते, गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची वेळ टळत चाललेली असते. लघवी तुंबली असेल तर ओटीपोट दगडासारखे घट्ट होते, रुग्ण तळमळतो, रक्तदाब चढतो. प्रकृती गंभीर असेल तर दर तासाला किती लघवी झाली हे मोजावेच लागते. अशा वेळी नळी हवीच. पण पुष्कळदा यातले काहीच नसते. रुग्ण शुद्धीवर असतो, त्याला लघवीही होत असते; फक्त ती अंथरुणात होते. तेवढ्यासाठी नळी घातली जाते, आणि इथूनच गाडी रुळावरून घसरते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत पक्षाघाताच्या रुग्णाला सरसकट नळी घालू नये, त्याने अपाय होतो, असे स्वच्छ म्हटले आहे. त्याच संस्थेच्या २०१६ च्या पुनर्वसनाच्या सूचना सांगतात की घातलेली नळी दाखल झाल्यापासून २४ तासांत काढावी. चोवीस तास! प्रत्यक्षात ती अतिदक्षता विभागातून वॉर्डात येते, वॉर्डातून घरी जाते, आणि घरी महिनोन्‌महिने राहते.

हे कोणाच्या दुष्टपणामुळे होत नाही. नळी विसरली जाते. २००० साली डॉ. संजय सेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चार रुग्णालयांत डॉक्टरांना एक साधा प्रश्न विचारला होता: तुमच्या या रुग्णाला लघवीची नळी आहे का? ज्यांना ती होती त्यांच्यातल्या २८ टक्के रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांना ते ठाऊकच नव्हते. अधिकाराने जितके वर जावे तितके अज्ञान वाढत गेले. वरिष्ठ डॉक्टरांमध्ये हे प्रमाण ३८ टक्के निघाले. जी वस्तू तिथे आहे हेच माहीत नाही, ती काढण्याचा हुकूम कोण देणार? पांघरुणाखालून गेलेली एक पातळ नळी आणि पलंगाच्या पलीकडच्या बाजूला अडकवलेली पिशवी. राउंड घेणारा माणूस अलीकडच्या बाजूला उभा असतो.

फ्रेडरिक फोली या अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखली जाणारी ही नळी १९३० च्या दशकातली. तिच्या टोकाशी छोटा फुगा असतो. आत गेल्यावर तो पाण्याने फुगवला की नळी बाहेर निसटत नाही. त्याआधी नळी जागच्या जागी राहावी म्हणून ती चिकटपट्टीने किंवा दोऱ्याने बांधून ठेवावी लागे. फोलीची नळी आपली आपण राहते. गुण म्हणाल तर हाच आणि दोष म्हणाल तरी हाच.

आता मूत्राशयाकडे वळू, कारण माझा सगळा मुद्दा तिथे उभा आहे. पक्षाघाताने हात लुळा पडतो तसे मूत्राशयही लुळे पडते आणि मग नळीला इलाज नसतो, अशी समजूत घराघरांत आहे आणि, खरे सांगायचे तर, काही वॉर्डांतही आहे. प्रत्यक्षात मूत्राशय, त्याचा स्नायू आणि त्याला जाणाऱ्या नसा शाबूत असतात. बिघाड वर झालेला असतो. मूत्राशय भरत आल्याची खबर मज्जारज्जूच्या खालच्या टोकातून वर जाते. मेंदूच्या खोडात, पॉन्समध्ये, लघवीचे नियंत्रण करणारे केंद्र असते. बॅरिंग्टन या ब्रिटिश संशोधकाने १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून ते शोधून काढले, म्हणून ते आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. तिथून हुकूम सुटला की मूत्राशयाचा स्नायू आवळला जातो आणि त्याच वेळी बाहेर पडण्याच्या वाटेवरचा झडपेचा स्नायू सैल पडतो. या केंद्रावर लगाम असतो तो कपाळामागच्या मेंदूचा. ‘आत्ता नको, थोडे थांब’ हे तो सांगतो. लहान मूल दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत हा लगाम तयार होत असतो.

पक्षाघात झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस, कधी काही आठवडे, मूत्राशय गप्प बसू शकते. आवळतच नाही, लघवी तुंबते. हा धक्का ओसरला की बहुतेकांच्या बाबतीत चित्र पालटते. खोडातले केंद्र काम करू लागते, पण वरचा लगाम सैल झालेला असतो. मूत्राशय थोडे भरले की आवळायला लागते. घाई होते, दाबून धरता येत नाही, वाटेतच कपडे ओले होतात. तुंबणे आणि न थांबणे या एकमेकांच्या उलट तक्रारी, एकाच माणसाला, काही आठवड्यांच्या अंतराने. म्हणून पहिल्या दिवशी ज्या मूत्राशयासाठी नळी घातली ते सहा आठवड्यांनंतर तेच राहिलेले नसते. नळी मात्र तीच असते, फार तर बदललेली. ज्या कारणासाठी ती घातली ते कारण कधीच संपलेले असू शकते, आणि ते संपले हे कळायला काही मार्गच नसतो. नळी असेपर्यंत मूत्राशय सतत रिकामे राहते. ते भरल्यावर काय करेल हे पाहण्याची संधीच कोणाला मिळत नाही. बरा होऊ पाहणारा हात महिनाभर प्लास्टरमध्ये ठेवून ‘हात हलत नाही’ असा शेरा मारण्यातला हा प्रकार.

आणि सुधारणा होते, ही गोष्ट मोठ्याने सांगायला हवी. पक्षाघाताने रुग्णालयात आलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोकांना सुरुवातीला लघवीवर ताबा नसतो. घरी जाताना हे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवर येते आणि वर्षभराने १५ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे बहुतेकांचा ताबा परत येतो. लवकर ताबा परत आलेल्यांची एकूण प्रकृतीही चांगली सुधारते, असे वारंवार दिसून आले आहे. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरवणे सोपे नाही. ज्याच्या मेंदूला कमी इजा झाली त्याचे सगळेच लवकर सुधारणार. पण रुग्णाला घरी सांभाळता येईल की नाही, हा निर्णय पुष्कळ कुटुंबांत लघवीवरच येऊन ठेपतो, हे या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा.

शिवाय प्रत्येक ओली चादर मूत्राशयाची चूक नसते. बोलता न येणारा माणूस ‘लागली आहे’ हे सांगणार कसा? ज्याला सांगता येते त्याला उठता येत नाही. बेल वाजवल्यावर कोणी येईपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढा सैल पडलेला लगाम धरवत नाही. डाव्या बाजूचे भानच हरपलेल्या रुग्णाच्या डाव्या हाताला बेल ठेवलेली असते, आणि फाइलमध्ये नोंद होते की रुग्ण सांगत नाही. तुंबण्याचेही तसेच. आठवडाभर शौचाला न झाल्याने गच्च भरलेले मलाशय मूत्राशयाची वाट दाबून धरते. झोपेची, वेदनेची, नैराश्याची काही औषधे मूत्राशयाला सुस्त करतात. म्हाताऱ्या माणसाची प्रोस्टेट आधीपासून वाढलेली असते, जुन्या मधुमेहाने नसांची धार आधीच बोथट केलेली असते. यातली निम्मी कारणे शोधली तर सापडतात आणि सापडली तर सुधारता येतात. नळी लटकत असली की शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही.

संसर्गाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना अर्धे तरी ठाऊक असते. नळी आत असताना दर दिवशी ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. महिनाभराने जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते असतात. नळीच्या आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागावर ते चिकट थर करून राहतात आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. ठाऊक नसलेली बाजू अशी: लघवीत जंतू असणे आणि आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही, रुग्ण नेहमीसारखा आहे. तरी पिशवीतली लघवी गढूळ दिसली म्हणून तपासणीला जाते, अहवालात जंतू येतात, अँटिबायोटिकचा कोर्स होतो. महिनाभर नळी असलेल्या माणसाच्या तपासणीत जंतू येणारच होते! पुढच्या वेळी तेच जंतू आणखी चिवट होऊन येतात. या चक्रावर खरा उपाय म्हणजे नळी काढणे, आणि नेमका तोच राहून जातो.

याहून कमी बोलली जाणारी हानी म्हणजे नळी माणसाला बांधून ठेवते. पिशवी सांभाळत उठायचे, ओढ बसली की दुखते, चार लोकांत पिशवी दिसते; त्यापेक्षा पडून राहिलेले बरे, असे रुग्णाला वाटू लागते. पक्षाघातानंतरचे पहिले काही आठवडे हालचालीसाठी सोन्यासारखे असतात आणि त्याच आठवड्यांत आपण त्याच्या पायात ही बेडी घालतो. शेरन इनूय या अमेरिकन डॉक्टरांनी १९९६ मध्ये रुग्णालयात भरती झालेल्या वृद्धांना कशामुळे भ्रम होतो याचा अभ्यास केला. त्यात निघालेल्या पाच कारणांपैकी एक लघवीची नळी होती, आणि त्याच यादीत हातपाय बांधून ठेवणेही होते. ही दोन्ही कारणे वॉर्डात हातात हात घालून येतात. वाचा गेलेला माणूस बऱ्या हाताने सारखा मांडीकडे चाचपडतो, नळी ओढू पाहतो. ‘फार इरिटेबल आहे’ म्हणून त्याचा तोच बरा हात पलंगाला बांधतात. पांघरूण बाजूला करून कोणी पाहिले तर नळी मांडीखाली दाबून तिला पीळ बसलेला असतो, मूत्राशय तुडुंब भरलेले असते आणि तो माणूस त्याला येणाऱ्या एकमेव भाषेत तेच सांगत असतो.

आता चिमट्याविषयी. नळी काढण्याआधी दोन-तीन दिवस तिला चिमटा लावायचा, दोन-तीन तास बंद ठेवायची, मग थोडा वेळ सोडायची, पुन्हा बंद. ‘मूत्राशयाला सवय लावतोय’, असे नातेवाइकांना सांगतात. ऐकायला अगदी पटण्यासारखे आहे, म्हणूनच ही चाल इतकी वर्षे टिकली. पण लघवी करणे म्हणजे मूत्राशय आवळणे आणि झडप सैल पडणे, दोन्ही एकाच वेळी. चिमटा सोडल्यावर लघवी नळीवाटे वाहून जाते. यात ना मूत्राशयाला आवळावे लागते, ना झडपेला सैल व्हावे लागते. सवय होते ती फक्त भरण्याची. थोड्या दिवसांसाठी घातलेल्या नळ्या कशा काढाव्यात याचा २०२१ मध्ये कॉक्रेन आढावा, म्हणजे आधीचे प्रयोग एकत्र तपासणारा अभ्यास, झाला. त्यात चिमटा लावून काढलेल्या आणि थेट काढलेल्या नळ्यांमध्ये, नळी पुन्हा घालावी लागण्याच्या बाबतीत, म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. पुरावा फार भक्कम नाही हे मान्य, पण चिमट्याच्या बाजूने तर तेवढाही नाही. उलट संवेदना गेलेल्या, बोलता न येणाऱ्या रुग्णाचा चिमटा सोडायला कोणी विसरले तर मूत्राशय ताणून दुखावते. सगळ्यात वाईट म्हणजे या सोहळ्यात तीन दिवस जातात, मग रविवार येतो, मग डिस्चार्ज.

याच आढाव्यातली दुसरी गोष्टही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. नळी लवकर काढली तर संसर्ग कमी होतो, पण ती पुन्हा घालावी लागण्याची शक्यता काहीशी वाढते. माझ्या मते हा सौदा परवडणारा आहे. काढून पाहिली, जमले नाही, पुन्हा काही दिवस घातली, यात रुग्णाचे फारसे बिघडत नाही. काढूनच पाहिली नाही, यात बिघडते.

काढून पाहण्याचा दिवस कसा असतो हे कुटुंबांना सहसा कोणी सांगत नाही. नळीच्या दुसऱ्या तोंडाला, फुग्याच्या बाजूला, परिचारिका रिकामी सिरिंज लावते. फुग्यातले पाणी, बहुधा १० मिलीच्या आसपास, तिच्यात परत येते. फुगा पुरता रिकामा झाल्यावर नळी हलकेच बाहेर येते, क्षणभर चुरचुरते. (हे घरी आपल्या हाताने करू नये. फुगा भरलेला असताना ओढलेली नळी मूत्रमार्ग फाडते.) सकाळी काढावी की रात्री, यावर मतभेद आहेत, सकाळी काढली की अडचण दिवसाउजेडी कळते, मला एवढे कारण पुरते. मग नेहमीसारखे पाणी प्यायचे, घटाघटा नाही. दोन-तीन तासांनी रुग्णाला बसवायचे. खरे कसब इथे लागते. उताणे झोपून, खाली थंडगार बेडपॅन, पडदा अर्धा उघडा, समोर दोन माणसे ‘झाली का, झाली का’ विचारत उभी: अशा थाटात धडधाकट माणसालाही लघवी होणार नाही. पुरुषाला जमत असेल तर दोन्ही बाजूंनी धरून उभे करावे. बाईला कमोडच्या खुर्चीवर बसवावे, पाय जमिनीला टेकलेले, अंग जरा पुढे झुकलेले. पडदा पुरा ओढावा आणि पलीकडे जाऊन थांबावे.

झालेली लघवी मापाच्या भांड्यात मोजायची आणि लगेच ओटीपोटावर ब्लॅडर स्कॅनर ठेवून आत किती उरली ते पाहायचे. या यंत्राला ना सुई लागते ना नळी. दोन मिनिटांत आकडा येतो. शिल्लक १०० मिलीच्या आत असेल तर काळजी मिटली. ३००-४०० च्या पुढे असेल, किंवा सहा तासांत लघवीच झाली नसेल, तर पातळ नळीने मूत्राशय एकदा रिकामे करायचे आणि ती नळी लगेच काढून घ्यायची. चार-सहा तासांनी पुन्हा तेच. मधल्या वेळात मूत्राशय भरते, आवळून पाहते, आणि एके दिवशी त्याला जमते. शिल्लक राहणारी लघवी ४००, २५०, १२० अशी उतरत जाताना पाहणे हे हाताची बोटे हलताना पाहण्याइतकेच मोलाचे आहे. फक्त ते कोणी टाळ्या वाजवून सांगत नाही.

वेळोवेळी नळी घालून काढायची म्हटले की नातेवाईक दचकतात. एकदाच घातलेली बरी, चार वेळा कशाला छळायचे? हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर जुने आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी ही पद्धत काटेकोर निर्जंतुक रीतीने वापरली. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडीस या मूत्रविकारतज्ज्ञांनी सांगितले की निर्जंतुक हातमोजे वगैरे नसले तरी चालेल. स्वच्छ धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरे, मात्र मूत्राशय वेळच्या वेळी रिकामे झाले पाहिजे. त्यांचा तर्क असा की फार ताणलेल्या मूत्राशयाच्या भिंतीला रक्त कमी पोचते आणि मग ती जंतूंना बळी पडते. तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. आज जगभर असंख्य लोक स्वतःच्या हाताने हे करतात. रुग्णालयात अर्थातच निर्जंतुक पद्धतच वापरावी.

नळी निघाल्यावर पुढचे काही आठवडे ओले असतात, हे आधी सांगून ठेवलेले बरे. नाहीतर दुसऱ्याच दिवशी घरून ‘परत घाला’ असा फोन येतो. दिवसा दर दोन तासांनी, लागली असो वा नसो, रुग्णाला बसवायचे, तहान मारायची नाही, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळायची, शौच साफ ठेवायचे. लगाम हळूहळू हाती येतो. घाई थांबवणाऱ्या जुन्या गोळ्यांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. त्यातल्या अनेक गोळ्या मेंदूला सुस्त करतात, गोंधळ वाढवतात आणि लघवी तुंबवतात. ज्याचा मेंदू आधीच सावरतो आहे त्याला त्या देताना दोनदा विचार हवा. डायपरचे म्हणाल तर तोही नळीसारखाच. सोय म्हणून लावला जातो आणि मग कोणी बसवायला उठत नाही. पुरुषांना बाहेरून बसवायची कंडोमसारखी नळी रात्रीपुरती वापरता येते; ती फोलीपेक्षा पुष्कळ बरी.

आता आक्षेप. पहिला आक्षेप बेडसोरचा. ओल्या अंथरुणाने जखमा होतील, म्हणून नळी. माकडहाडाशी आधीच खोल जखम असेल आणि तिच्यावर लघवी जात असेल तर नळी योग्यच. आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत, हलवले तरी यातना होत असतील तेव्हाही योग्य. काहींचे मूत्राशय कधीच पुरते रिकामे होत नाही आणि घरी वेळोवेळी नळी घालणारे कोणी नसते. त्यांना ती लागणार, आणि त्यांना अपराधी वाटायला लावू नये. पण त्वचा धड असलेल्या रुग्णाला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवावेच लागते, नळी असो वा नसो. बेडसोरचे मुख्य कारण दाब आहे, आणि नळीने तो कमी होत नाही.

दुसरा आक्षेप खरा वजनदार आहे: माणसे कुठून आणायची? दिवसा दोन-दोन तासांनी आणि रात्री दोनदा बसवायचे म्हटले तर एका रुग्णाच्या दहा खेपा होतात. उचलायला दोन माणसे, खेपेला पंधरा मिनिटे. वीस रुग्णांमागे एक परिचारिका असलेल्या वॉर्डात हे गणित बसतच नाही. घरी हीच दहा खेपांची जबाबदारी बहुतेक वेळा एकाच बाईवर पडते. बायको, सून किंवा मुलगी, आणि रात्रीची झोप तिचीच मोडते. अशा वेळी नळी मागणाऱ्या परिचारिकेला किंवा सुनेला आळशी ठरवणाऱ्यांची मला चीड येते. नळी माणसांचे श्रम वाचवते, ही साधी वस्तुस्थिती आहे. फक्त ते श्रम फुकट वाचत नाहीत. त्यांची किंमत संसर्गात, वाढलेल्या मुक्कामात आणि अंथरुणाला खिळलेल्या महिन्यांत वसूल होते, आणि ती भरतो तो रुग्ण, ज्याला या व्यवहारात कोणी विचारलेलेच नसते. म्हणून मी याला निव्वळ वैद्यकीय प्रश्न मानत नाही. वॉर्डात किती परिचारिका असाव्यात, घरी मदतनीस मिळावा की नाही, हे ठरवणाऱ्यांचा तो प्रश्न आहे.

तोपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. फार माणसे न वाढवताही बरेच होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले की डॉक्टरांना नळीची आठवण करून देणाऱ्या, किंवा ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप काढण्याचा आदेश लागू करणाऱ्या पद्धतींमुळे नळीमुळे होणारे संसर्ग ५२ टक्क्यांनी घटले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ६०३ रुग्णालयांत हेच संसर्ग रोखण्यासाठी झालेल्या मोठ्या मोहिमेचे निकाल आले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या वॉर्डांत हे संसर्ग ३२ टक्क्यांनी उतरले, अतिदक्षता विभागांत मात्र फरक पडला नाही. तिथे प्रत्येकाला वाटते की आपला रुग्ण अपवाद आहे. या सगळ्यातली किल्ली एकच दिसते: नळी काढण्याचा अधिकार परिचारिकेला देणे. अटी लेखी ठरवून द्याव्यात आणि त्या पुऱ्या झाल्या की तिने डॉक्टरची वाट न पाहता नळी काढावी. पिशवी रिकामी करते ती. नळी आहे हे तिलाच ठाऊक असते. ज्याला ठाऊक नाही त्याच्या सहीसाठी तिला थांबवून ठेवण्यात कसले आले वैद्यकशास्त्र?

घरी जाणाऱ्या रुग्णाची गोष्ट याहून वाईट, कारण वॉर्डात निदान कोणी तरी रोज दिसते. डिस्चार्जच्या कागदावर औषधे वेळेसकट लिहिलेली असतात, रक्तदाब किती हवा हे असते, व्यायामाची चित्रे असतात. नळीसाठी असते ‘कॅथेटर केअर’ एवढेच. ती का घातली, काढून पाहिली होती का, पाहिली असेल तर किती लघवी शिल्लक राहिली, पुन्हा कधी पाहायची, कोणाकडे जायचे, यातले काही नसते. मेंदूचा डॉक्टर समजतो की मूत्रविकारतज्ज्ञ बघेल, मूत्रविकारतज्ज्ञाकडे कोणी पाठवलेलेच नसते, आणि जवळचा डॉक्टर ठरावीक दिवसांनी नळी बदलत राहतो. बदलायला येतो त्याच दिवशी काढून पाहता येईल, हे सुचवायला तिथे कोणी नसते. नातेवाइकांनी ते सुचवावे, बिनदिक्कत सुचवावे. पण पुढचे सहा तास लघवी होते की नाही ते पाहणारे, आणि तुंबली, पोट दुखू लागले किंवा ताप आला तर जागच्या जागी मदत करणारे कोणी असेल, अशाच दिवशी.

रुग्णालये नळीमुळे झालेले संसर्ग मोजतात, कारण त्यावर त्यांची मानांकने ठरतात. रुग्ण नळीसह घरी गेला की तो त्या हिशेबातून बाहेर पडतो. म्हणजे नळी काढून ओली चादर सोसण्यापेक्षा नळीसह डिस्चार्ज देणे कागदावर अधिक स्वच्छ दिसते. पक्षाघाताचे किती रुग्ण नळीसह घरी गेले आणि सहा आठवड्यांनी त्यांच्यापैकी किती जणांची नळी निघाली होती, हे दोन आकडे प्रत्येक रुग्णालयाने दरवर्षी जाहीर करावेत, अशी सक्ती हवी. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. डिस्चार्जच्या नोंदीत एक रकाना वाढवावा लागेल आणि सहा आठवड्यांनी रुग्णाच्या घरी एक फोन करावा लागेल.